काळी माती, लाल माती आणि लालबागची गिरणी

माझ्या खिडकीत गेले आठ दिवस जॅमच्या दोन रिकाम्या बरण्या उभ्या आहेत. एकीत संगमेश्वरजवळच्या आमच्या घरामागची माती, दुसरीत अकोला जिल्ह्यातल्या सासरच्या वावरातली. दोन्हींत नळाचं पाणी घातलं, झाकण लावून खदाखदा हलवलं आणि ठेवून दिलं. कोकणातली लाल माती दुसऱ्या दिवशी सकाळी शहाण्या मुलासारखी तळाशी बसली होती. वऱ्हाडातल्या मातीचं पाणी आज आठव्या दिवशीही गढूळ आहे. बायकोने दोनदा विचारून झालंय की हे टाकून देऊ का. नाही म्हटलंय. कारण या गढूळ पाण्यात आमच्या घरातला एक प्रश्न तरंगतोय. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी थोडा इतिहास. (शनिवार आहे, डेप्लॉयमेंट नाही, वाचा निवांत :) )

अमेरिकेत आयोवात राहणारा माझा एक मित्र तिथल्या शेतांचे फोटो पाठवत असतो. तिकडची बरीचशी शेतजमीन म्हणजे हिमनद्यांनी दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वी दळून, ढकलून आणून टाकलेला गाळ. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं बेताचं मिश्रण, त्यामुळे नांगराला हलकी आणि तरी ओल धरणारी. आपल्याकडे हिमनदी आलीच नाही. आपली माती जागच्या जागी झाली. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार बनलं आणि तो काळा कातळ झिजून झिजून माती झाली.

आता गंमत बघा. कोकणात आणि वऱ्हाडात मूळ दगड तोच. म्हणजे सोर्स कोड एक, कंपायलर वेगळे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो दगडातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश सगळं धुऊन समुद्राला देतो आणि मागे उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणजे जांभा. अकोल्याला पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर. तिथे धुपून जायला पाणीच पुरेसं नाही, म्हणून सगळं जागेवर राहतं आणि त्यातून तयार होते एक विलक्षण चिकणमाती. तिचे कण कागदाच्या गठ्ठ्यासारखे असतात. पाणी मिळालं की पानापानांत शिरून गठ्ठा फुगतो, पाणी गेलं की आवळतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ते वावर पाहिलं तेव्हा चक्क घाबरलो होतो. भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जाईल. काही ठिकाणी त्या मीटरभराहून खोल असतात. सासरे म्हणाले, "जावईबापू, हे वावर सोताच नांगरते सोताले." मला ती म्हण वाटली, पण ते शब्दशः खरं आहे. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर सरकते आणि दरवर्षी जमीन आपोआप थोडी खालीवर होते. मातीचे शास्त्रज्ञ अशा जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात.

एक गैरसमज मात्र मलाही होता. काळी म्हणजे सेंद्रिय, कसदार. तसं नाही. या मातीत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याहूनही कमी असतो आणि नत्र, स्फुरद बेताचंच. तिचं खरं भांडवल म्हणजे ओल. पाऊस सप्टेंबरात निरोप घेतो आणि कापूस त्यानंतरही दोन-तीन महिने शेतात उभा असतो, तो या साठवलेल्या ओलीवर. आपला जुना देशी कापूस तर मुळं सरळ खोल सोडणारा. धागा आखूड, पण झाड चिवट.

(घर बांधणाऱ्यांना विचाराल तर ते याच मातीला शिव्या देतील. भिंती तडकतात, रस्ते लाटांसारखे होतात, विजेचे खांब झिंगल्यासारखे उभे असतात. रूरकीच्या संस्थेने खास हिच्यासाठी तळाला फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. साडेतीन-एक मीटर खाली, जिथे ओल फारशी बदलत नाही, तिथे तो फुगवटा रुतवून बसवायचा.)

या मातीचा भाव मुंबईला कळला तो कापसामुळे. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने लांब धाग्याचा कापूस पिकवायला शिकवण्यासाठी अमेरिकेहून दहा मळेवाले आणले. धारवाडचा भाग सोडला तर त्यांचं फारसं कुठे जमलं नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इथल्या आखूड धाग्याला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, म्हणजे आपलं उमरावती, अमरावती! मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा पिसाळला, युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला सगळं कोसळलं. रेल्वे मात्र थांबली नाही. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावला खास फाटा निघाला. तेव्हापासून गाठींचा ओघ मुंबईकडे. हार्बर लाईनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव काही उगाच पडलेलं नाही.

दरम्यान कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती. शतक संपताना शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. त्या बराच काळ जाडंभरडं सूत कातून चीनला पाठवत, कारण आखूड धाग्याचं तेच होऊ शकतं. म्हणजे परळ-लालबागची यंत्रं काय कातणार हेसुद्धा पाचशे-सहाशे किलोमीटरवरच्या मातीने ठरवलेलं.

आणि ती यंत्रं चालवायला आली कोण? मोठ्या प्रमाणावर कोकणातली माणसं. वऱ्हाडी माणूस गिरणीत क्वचितच. त्याची माती त्याला सोडत नव्हती. जांभ्यावर भात चार महिन्यांचा, नंतर करायचं काय? म्हणून बोट पकडून मुंबई.

माझे आजोबा त्यातलेच. लालबागच्या एका गिरणीत आधी बदली म्हणून, मग कायम झाले. खातं ब्लोरूम. साचा खातं, त्रासन खातं हे सगळे नंतरचे टप्पे. ब्लोरूममध्ये गाठ फोडायची आणि कापूस झोडपून त्यातली पानं, सरकीचे तुकडे, माती काढायची. तिथे आणि पुढे कार्डिंगमध्ये सगळ्यात जास्त धूळ. ते घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, असं आजी सांगायची, आणि रुमाल मात्र काळा. या धुळीने जडणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. आजोबा सोमवारी बोलत नसत. आम्हाला वाटायचं, रविवार संपल्याचा राग आहे. अनेक वर्षांनी मी त्या आजाराबद्दल वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा पुन्हा आत गेले नाहीत. गावी परतले आणि खोकत खोकत भात लावला. त्यांनी आयुष्यभर ज्या मातीची धूळ छातीत घेतली ती वऱ्हाडातली जमीन त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. मी पाहिली ती लग्नामुळे. आणि माझं ऑफिस आहे लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. असो.

आता बरणीकडे. सासरचं वावर पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. कापूस बोंडावर असताना एक पाणी मिळालं तर उत्पन्न कितीतरी वाढतं, म्हणून मेहुण्याचं म्हणणं, कर्ज काढून बोअर मारू. २००२ नंतर बीटी संकरित वाणं आली, तीही पाण्याची आणि खताची हावरी. सासरे नको म्हणत होते, पण कारण नीट सांगता येत नव्हतं. "खाऱ्या पाण्यानं वावर मरते," एवढंच.

कारण त्या बरणीत आहे. पाण्यातलं सोडियम मातीच्या पानांवर जाऊन बसतं, तिथल्या कॅल्शियमला हुसकावतं आणि मग कण एकमेकांना धरून राहत नाहीत. सुटे होऊन पाण्यात तरंगतात, छिद्रं बुजवतात. पाऊस पडला तर पाणी वरच साचतं, सुकलं तर वीट. बोअरचं पाणी दोन-चार वर्षं पीक देतं आणि मग जमिनीचा जीव घेतं. जिप्सम घालून सुधारणा होते, ती सावकाश आणि खर्चिक.

मी मेहुण्याला व्हिडिओ कॉलवर दोन्ही बरण्या दाखवल्या. तो म्हणाला, "भाऊजी, हे तर बाबा सांगूनच राहिले होते." खरंच होतं ते. मी फक्त बरणी आणली.

बोअर रद्द झालं. त्याऐवजी वावराच्या खालच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी धरायला शेततळं खोदायला घेतलंय. कृषी सहायकाच्या मते तळाला प्लास्टिकचा कागद लागणार नाही, ही माती एकदा फुगली की पाणी खाली सोडत नाही. निघालेली माती बांधावर टाकतायत. काल मेहुण्याने फोटो पाठवला, खड्डा माणूसभर खोल झालाय आणि त्याच्या भिंतीतही भेगा दिसतायत. पाऊस यायला अजून तीन आठवडे आहेत.