उषवदाताच्या किनाऱ्यावर

नाशिककर हा जात्याच पूर्वाभिमुख. गोदामाई पूर्वेस वाहते; तिच्या काठचे घाट, देवळें व बाजार तिच्या ओघाबरोबर तोंड वळवून बसलेले. पाठीमागें सह्याद्रि, आणि त्याच्या पलीकडे समुद्र आहे ही गोष्ट आम्हांस भूगोलाच्या पुस्तकापुरतीच ठाऊक. वस्तुतः दमणगंगा व पार या दोन्ही नद्या आमच्याच जिल्ह्यांत उगम पावून घाट उतरतात व पश्चिम समुद्रास मिळतात. त्या पाण्याच्या मागोमाग खालीं उतरावें ही बुद्धि आम्हांस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं झाली, आणि तीहि आपली आपण झाली नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत कोठें जावें याचा खल घरांत चालला होता. शेजारचें एक दांपत्य नुकतेंच इटलीच्या किनाऱ्यावरील गांवें हिंडून आलें होतें, व त्यांचीं छायाचित्रें दोन संध्याकाळ आमच्या दिवाणखान्यांत पाहून झालीं होतीं. आम्हीं नेहमीप्रमाणें किल्ल्यांचीं नांवें काढलीं. तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "तीस वर्षें तुमच्याबरोबर तोफा मोजल्या. यंदां जेथें नुसता समुद्र आहे असें एखादें गांव दाखवा." इटली आमच्या ऐपतीबाहेरची, तेव्हां प्रवासाचें मार्गदर्शक पुस्तक म्हणून आम्हीं पांडवलेण्यांतला एक शिलालेख पुढें केला. त्यांना ही थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती.

लेणें क्रमांक १० च्या ओसरींत हा लेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात, जातीनें शक. त्याच्या दानांची ही यादी. ती वाचतांना धाप लागते. तीन लक्ष गायी. देवाब्राह्मणांस सोळा गांवें. वर्षभर लक्ष ब्राह्मणांस भोजन. प्रभासक्षेत्रीं आठ ब्राह्मणांस भार्या. (या शेवटल्या दानावर सौभाग्यवतींनीं विचारलें, "त्या आठजणींना कोणीं विचारलें होतें काय?" लेख या बाबतींत मुग्ध आहे.) भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या. यांतील गोवर्धन तें आमच्या गांवाशेजारचेंच. पण खरी मौज पुढें आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें नावा ठेवून पुण्यार्थ तर चालविली, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. दमणा म्हणजे दमणगंगा, पारादा म्हणजे पार, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. इबा ही अंबिका आणि करबेणा ही तिला मिळणारी कावेरी, असें पंडितांचें मत आहे.

ही नांवें आम्हीं वर्गांत अनेक वेळां वाचून दाखविलीं. तीं नकाशावर मात्र कधीं मांडून पाहिलीं नव्हतीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं मांडलीं, आणि चकित झालों. साही नद्या भडोच आणि सोपारा यांच्या दरम्यान येतात! म्हणजे पुण्याची वाटणारी ही यादी एका किनाऱ्याच्या रस्त्याची यादी आहे. भडोचेहून दक्षिणेस निघालेल्या वाटसरूस ज्या ज्या पाण्याशीं अडून बसावें लागे, त्यांतील सहा ठिकाणीं या शक जांवयानें नाव बांधून ठेविली होती.

त्या रस्त्यानें काय काय जात असेल, याची कल्पना इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक भाषेंतल्या 'पेरिप्लस' नांवाच्या नाविकांच्या पोथीवरून येते. तींत सोपारा व कल्याण यांचीं नांवें आहेत, आणि नहपानाचेंहि नांव किंचित् मोडून आलेलें आहे. भडोचेस जो माल उतरे, त्यांत मद्याचा उल्लेख असून इटलीच्या मद्यास तेथें अधिक पसंती होती असें तो लेखक नमूद करतो. शेजाऱ्यांच्या छायाचित्रांना हें आमचें उत्तर!

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करीत आम्ही उभयतां डहाणूस उतरलों. खाडीवर आतां पूल आहे. ओहोटीची वेळ होती; होड्या चिखलांत कलंडून पडल्या होत्या, आणि बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. आम्हीं नाकास रुमाल लावला; सौभाग्यवतींनीं पदर लावला नाहीं. त्या एका कोळिणीशीं बोलत उभ्या राहिल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "तुमच्या राजाला पुण्य किती लागलें तें देव जाणे. पण रोज टोपली घेऊन पलीकडच्या बाजारीं जाणारीचे जातां-येतांचे पैसे वांचले, हें खरें." आम्हीं या लेखावर पुष्कळ टिपणें वाचलीं आहेत. नाव, नावेचें पुण्य, राजाचा धर्म, सारें त्यांत आहे. नावेंत बसलेलें माणूस आम्हांस त्यांत आढळल्याचें स्मरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बोर्डीवरून पुढें गुजराथच्या हद्दींत नारगोळास गेलों. लेखांतलें नानंगोल तें हेंच, असें मानतात. येथें उषवदातानें नारळाचीं बत्तीस हजार झाडें दान दिलीं, आणि त्यांचा लाभ ज्यांस व्हावयाचा त्यांत शूर्पारकाच्या रामतीर्थावरील चरक, म्हणजे परिव्राजकहि होते. या किनाऱ्यावरील माडाचा इतका जुना कोरीव उल्लेख आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं. आज तेथें डोळ्यांत भरतात तीं सुरूचीं बनें. त्यांच्या सावलींत बसून सौभाग्यवतींनीं विचारलें, "ह्याची बायको कोण?"

"दक्षमित्रा. नहपानाची मुलगी."

"तिनें काय दिलें?"

"त्याच लेण्यांत दोन ओवऱ्या. त्यांच्यावर तसें कोरलेलें आहे."

"आणि हें तुम्हीं मला तीस वर्षांत आज सांगतां!"

त्यांना सांगितलें नव्हतें, इतकेंच नव्हे. वर्गांतहि आम्हीं हें नांव घेतल्याचें आठवत नाहीं. परीक्षेस नहपानाचा काल विचारतात, उषवदाताचीं दानें विचारतात. तेव्हां वेळ वांचवावा म्हणून आम्ही एका लेखावरून उडी मारून दुसऱ्यावर जात असूं. मध्यें ही एक ओळ राहून जाई. शिक्षकाच्या हातून असें होतें तेव्हां त्यास विस्मरण म्हणण्याची सोय नसते. तीस तुकड्यांना आम्हीं तें लेणें एका माणसाचें करून शिकविलें.

परतीच्या वाटेवर सोपारा. आतां नालासोपाऱ्याच्या स्थानकांत गाडींतून उतरणें हाच एक पराक्रम आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा ओळखला आणि बुरुड राजाच्या कोटांतील स्तूप खणला. आम्हीं तो ढिगारा पाहिला. वसईचा किल्ला तेथून हाकेच्या अंतरावर, १७३९ ची मोहीम आम्हांस मुखोद्गत. तरीहि गेलों नाहीं. वचन दिलें होतें.

नहपानाचें वैभव फार दिवस टिकलें नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. उषवदाताच्या ताब्यांत असलेलें दोनशें निवर्तनांचें शेतहि त्यानें भिक्षूंस देऊन टाकलें, आणि तसा लेख त्याच डोंगरांत, क्रमांक ३ च्या लेण्यांत कोरविला. त्याच लेण्यांत पुढें त्याची आई गौतमी बलश्री हिनें क्षहरातांच्या निःपाताचा गौरव लिहविला. पण जेत्यांनीं १० व्या लेण्यांतील अक्षरांस हात लावला नाहीं. चार पावलांवर शत्रूची दानें तशींच राहूं दिलीं. ही गोष्ट आम्हांस त्यांच्या विजयाइतकीच मोठी वाटते.

घरीं आल्यावर चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघें पांडवलेणीं चढलों. ओसरीच्या कडेच्या ओवरीवर ती ओळ आहे. आम्हीं ब्राह्मी अक्षरांवरून बोट फिरवीत शब्द लावून दिले. प्राकृतांत बायकोस तेथें 'कुटुंबिनी' म्हटलेलें आहे. आमचे आजोबा 'आमचें कुटुंब' म्हणत, तें हेंच. आणि खोलीस शब्द आहे 'ओवरक', म्हणजे आपली ओवरी. सौभाग्यवतींनीं तेवढे दोन शब्द पुन्हां एकदां वाचून घेतले. मग त्या आंत जाऊन दगडी ओट्यावर बसल्या, व आम्हांसहि बसावयास सांगितलें. दोन माणसांस ती जागा पुरते.

पायऱ्या उतरतांना त्या म्हणाल्या, "तापी आणि अंबिका राहिल्या." त्या आतां मेच्या सुटींत.