लेण्यातील खोली आणि कॅमेऱ्याचे भिंग : कुडा लेण्यांच्या निमित्ताने

मराठीतील 'लेणे' हा शब्द पालीतील 'लेण' या शब्दाशी नाते सांगतो. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा आहे. भिक्खूंसाठी निवासस्थाने बांधावीत अशी त्याची इच्छा असते. ती भगवंतांच्या कानी गेल्यावर ते पाच प्रकारच्या लेणांस अनुमती देतात. विहार, अड्ढयोग, प्रासाद, हम्मिय आणि गुहा हे ते पाच प्रकार होत. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले असे ग्रंथ सांगतो. एका दिवसात उभे राहणारे हे साठ विहार म्हणजे काही भव्य वास्तू नव्हेत, एकेका माणसाने राहावे एवढ्या त्या खोल्या होत्या. पुढे भिक्खूने स्वतःसाठी मागून आणलेल्या साहित्याने कुटी बांधल्यास तिची लांबी बारा सुगतवितस्ती व आतील रुंदी सात वितस्ती यांहून अधिक असू नये, असा नियम संघादिसेसात घालून दिलेला आढळतो. लेण म्हणजे प्रथम राहण्याची लहान जागा, हे आपण विसरता कामा नये.

विसर पडण्यास मात्र कारण आहे. गेली दीडशेहून अधिक वर्षे लेण्यांचे जे चित्र पुस्तकांतून आपल्यासमोर आले आहे, ते बहुतांशी दर्शनी भागांचे आणि मोठ्या चैत्यगृहांचे आहे. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांनी मेजर रॉबर्ट गिल यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे घेऊन लेण्यांवर ग्रंथ काढला. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन, तेथल्या तेथे धुवावे लागे. अंधारात लांबलेला काळ आणि वाळत चाललेली काच यांची सांगड घालणे कठीण होते. उजेड असेल तेथे आणि मागे सरण्यास जागा असेल तेथे कॅमेरा उभा राहिला. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे, तेथे छायाचित्रकार हवा तेवढा मागे जाऊ शकतो. पण त्याच डोंगरातल्या सात-आठ फुटी खोलीत तो जाणार कोठे? हा दोष गिल यांचा नव्हे, साधनाचा होता. तथापि साधनाच्या मर्यादेने जे गाळले, ते पुढे अभ्यासकांच्या दृष्टीतूनही गळाले असे आमचे मत आहे.

याचे उत्तम उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. रोह्याच्या दक्षिणेस, तळे तालुक्यात, मांदाडच्या खाडीवरील टेकडीत कुडा येथे सव्वीस लेणी आहेत. मांदाड म्हणजे ग्रीक लेखकांचे मंदगोरा बंदर असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. येथील पाच चैत्यगृहे सपाट छताची आहेत. त्यांना कार्ल्यासारखी कमान नाही, खांबांच्या लांबलचक ओळी नाहीत. सहाव्या लेण्यातील हत्ती, दंपतींच्या मूर्ती आणि नंतरच्या काळातील बुद्धमूर्ती यांची छायाचित्रे पाहावयास मिळतात. बाकीच्या खोल्यांची क्वचितच. आणि कुड्याचे खरे वैभव तर या खोल्यांच्या शिलालेखांत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या या लेखांत दाते कोण आहेत ते पाहावे. महाभोज मांदव खंदपालित याच्या सेवेतील लेखक शिवभूती आणि त्याचा धाकटा भाऊ शिवम आहेत, म्हणजे राजाचे कारकून. वधुक माळ्याचा मुलगा मुगुदास हा माळी असून त्याने चैत्यगृह दिले आहे. करहाकडचा, म्हणजे आजच्या कऱ्हाडचा, लोखंडाचा व्यापारी महिक आहे. सोमदेव हा वैद्यकुळातील उपासक आपल्या मुलामुलींची नावे घालून दान देतो. प्रव्रजिता पदुमणिका ही प्रव्रजिता नागणिकेची मुलगी, म्हणजे आई आणि लेक दोघी भिक्खुणी. भायिला नावाची एक ब्राह्मणी, उपासकाची पत्नी, तीही चैत्यगृहाची दाती आहे. जातिभेदाच्या समर्थनार्थ प्राचीनतेचे दाखले देणाऱ्यांनी हा एवढा एक डोंगर वाचावा.

हे लेख आपणास वाचता येतात ते जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ सालच्या ग्रंथामुळे. त्यांनी कागदाचे ठसे घेतले, डोळ्यांनी पाहून नकला केल्या. त्यानंतर कोकणातील पावसाळे मोजावेत! खारे वारे आणि झिरपणारे पाणी यांनी अक्षरांची कड बोथट होत जाते. आज काळजीपूर्वक घेतलेले छायाचित्र उद्या मूळ लेखाचा साक्षीदार ठरू शकते. म्हणून कोणता कॅमेरा, कोणते भिंग हा प्रश्न आम्ही हौसेचा मानीत नाही.

आता प्रत्यक्ष साधनांविषयी. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे भिंग घेऊन सात फुटांवरून समोरच्या भिंतीचे चित्र घेतले, तर भिंतीची अवघी पाच फूट रुंदी मिळते. २८ मिलिमीटरच्या भिंगाने नऊ फूट, २४ च्या भिंगाने साडेदहा फूट, १६ च्या भिंगाने पावणेसोळा फूट मिळते. सेन्सर लहान असेल, म्हणजे सर्वसाधारणपणे दीडपटीच्या हिशेबाचा, तर १६ चे भिंग २४ सारखे वागते. विकत घेण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगतो. खोलीत उपयोगी पडतो तो कोन.

मग सर्वांत रुंद भिंगच का घेऊ नये? कारण ते खोटे बोलते. अतिरुंद भिंगात जवळचे मोठे आणि दूरचे फार दूर दिसते. एका भिक्खूला जेमतेम पुरणारी खोली सभागृहासारखी भासते. कडेला आलेला स्तूपाचा अंड गोल न राहता लांबट होतो, आणि पुढचा अभ्यासक त्या आकारावरून काळ ठरवू पाहतो! आमचा कल २४ ते २८ मिलिमीटरच्या साध्या, स्थिर भिंगाकडे आहे. त्यात एकाच वेळी सारी खोली मावली नाही तरी चालेल. दोन चित्रे घ्यावीत. कॅमेरा भिंतीशी समांतर आणि पातळीत ठेवावा, तो वर वा खाली झुकला की दाराच्या चौकटी कलतात. शिलेच्या ओट्यावर मोजपट्टी ठेवावी म्हणजे मापाचा भ्रम राहत नाही.

महागड्या उजळ भिंगावर पैसा घालण्यापेक्षा तो ट्रायपॉडवर घालावा. खोली हलत नाही. संवेदनक्षमता १०० वर, छिद्र एफ ८ वर ठेवून दहा-वीस सेकंद प्रकाश घेतला तरी काही बिघडत नाही. बटणाला हात न लावता टाइमर लावावा एवढेच. दारातून येणारे ऊन आणि कोपऱ्यातील अंधार एका चित्रात सामावत नाहीत, तेव्हा कमीअधिक प्रकाशाची तीन-चार चित्रे घ्यावीत. संरक्षित लेण्यांत ट्रायपॉड आणि कृत्रिम दिवे यांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती आधी मागावी. परवानगी नसल्यास तांदळाची लहान पिशवी ओट्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवता येतो. रंगचित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅश वर्ज्यच. १९९१ साली बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रे प्रखर दिव्यांविना घेऊन दाखविली आहेत.

लेखांसाठी फ्लॅश निरुपयोगी आहे हे वेगळेच कारण. समोरून आलेला उजेड कोरलेल्या रेघेतील सावली पुसून टाकतो. उजेड बाजूने, भिंतीला जवळजवळ घासून आला पाहिजे. त्यासाठी साधी एल. ई. डी. विजेरी पुरते. पण एकाच बाजूचा उजेड फसवतो, कारण उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ दिसतच नाही. म्हणून कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून अशी चार चित्रे घ्यावीत. खडकाचा नैसर्गिक खळगा आणि कोरलेला अनुस्वार यांतला फरक या चार चित्रांच्या तुलनेत कळतो. या लेखांच्या प्राकृतात पुरुषनामाची षष्ठी 'स' ने आणि स्त्रीनामाची 'य' ने होते. शिवमच्या लेखात मुलगे आणि मुली अशा दोहोंची नावे असून शिवपालित, शिवदत ही नावे दोन्हीकडे येतात. तेथे एक अक्षर झिजले तर दानातून एक मुलगी नाहीशी होते.

आज अनेक उपासकांच्या खिशात मोबाइल असतो, आणि त्याचे मुख्य भिंग सुमारे २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचे असल्यामुळे खोलीसाठी ते अगदीच वाईट नाही. मात्र रात्रीच्या चित्रणाची सोय चालू असताना यंत्र स्वतःच्या बुद्धीने खरखर पुसते, कडा धारदार करते. त्यात झिजलेली मात्राही पुसली जाते. शक्य असेल तर कच्च्या स्वरूपातील चित्र साठवावे. अक्षरांत खडू भरणे, पाणी किंवा तेल लावणे हे कोणत्याही सबबीखाली करू नये.

प्रत्येक चित्राबरोबर लेण्याचा क्रमांक, खोली डावी की उजवी, भिंत कोणती, दिवस व वेळ, आणि दिवा कोणत्या बाजूला होता एवढे वहीत टिपावे. कुड्याच्या लहान खोल्या एकमेकींसारख्या दिसतात. घरी आल्यावर अकराव्या लेण्यातील भिंत बाराव्यापासून ओळखता येत नाही.