जुनें मापनयंत्र आणि नवा संगणक

मोजणें आणि मोजलेलें टिपून ठेवणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिलें यंत्रानें करावें आणि दुसरें माणसानें, अशी वांटणी पुष्कळ काळ चालत आली. मुंबईस कुलाबा येथील वेधशाळेंत १८४१ सालीं चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पृथ्वीच्या चुंबकत्वांत होणारे फेरफार तेथें माणसें डोळ्यांनीं वाचून लिहून ठेवीत. २ सप्टेंबर १८५९ रोजीं सूर्यावरील उत्पातामुळें जें प्रचंड चुंबकीय वादळ झालें, त्याचे आंकडे या नोंदींत शिल्लक राहिले. आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधांत भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं त्यांच्याच आधारें त्या वादळाची तीव्रता अजमाविली. सुमारें दीडशें वर्षांनीं जें उपयोगीं पडलें तें यंत्र नव्हे. यंत्रानें सांगितलेलें आणि कोणीतरी नीट ऐकून ठेवलेलें तेवढेंच उपयोगीं पडलें.

पुढें इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रें आलीं. एका सेकंदांत अनेक वेळां मोजणाऱ्या यंत्रापुढें वही घेऊन बसलेला मनुष्य अपुरा पडूं लागला, आणि तें काम संगणकाकडे सोंपवावें, अशी इच्छा साहजिकच उत्पन्न झाली. परंतु प्रत्येक कारखानदाराची तारांची मांडणी वेगळी असल्यामुळें दर यंत्रामागें जोडणीची नवी खटपट करावी लागे. या अडचणीवर तोड निघाली ती अमेरिकेंत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या यंत्रांकरितां एक सामायिक मार्ग आंखला, आणि १९७५ सालीं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें तोच ४८८ या क्रमांकाचें प्रमाण म्हणून जाहीर केला.

या मार्गाची रचना मोठी मनोरंजक आहे. जोडणीच्या तोंडाला २४ पिना असतात. त्यांपैकीं ८ तारा माहिती वाहतात, ३ तारा माहिती पोंचल्याची ग्वाही देतात, ५ तारा शिस्त राखतात, आणि बाकीच्या जमिनीच्या व संरक्षणाच्या असतात. संगणक धरून १५ यंत्रें एका मार्गावर बसूं शकतात. मात्र तारेची एकूण लांबी २० मीटरपलीकडे जातां कामा नये. यंत्रांच्या भूमिकाही ठरलेल्या आहेत: एक नियंत्रक, एका वेळीं एकच वक्ता, आणि श्रोते कितीही. सर्वांत मंद श्रोत्यानें 'घेतलें' असें कळविल्यावांचून वक्ता पुढचें अक्षर उच्चारीतच नाहीं. आकाशवाणीवर बोलणाऱ्यास आपलें बोलणें पोंचलें कीं नाहीं हें कळावयास मार्ग नसतो. या वक्त्यास मात्र तें प्रत्येक अक्षरागणिक कळतें. वेगवान आणि संथ यंत्रें एकाच पंक्तीस बसूं शकलीं तीं या सौजन्यामुळें.

तथापि मार्ग एक झाला म्हणून भाषा एक होत नाहीं. १९७५ च्या प्रमाणानें अक्षरें कशीं पोंचवावीं हें ठरविलें. कोणतीं अक्षरें बोलावीं हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलें. 'तूं कोण?' या प्रश्नास यंत्रानें आपलें नांव व क्रमांक सांगावा, असला साधा शिष्टाचार १९८७ सालच्या पुरवणी प्रमाणानें घालून दिला, आणि १९९० सालीं एससीपीआय नांवाची सामायिक आज्ञावली तयार झाली. त्यापूर्वींचीं बहुतेक यंत्रें आपापली बोली बोलतात. म्हणून आज जुनें यंत्र संगणकास जोडतांना दोन गोष्टी लागतात: संगणकाच्या यूएसबी तोंडांतून जुन्या मार्गावर नेणारा जोडपट्टा, आणि त्या यंत्राची बोली जाणणारी आज्ञाप्रणाली. पहिली वस्तु विकत मिळते. दुसरीचा शब्दकोश कारखानदाराच्या माहितीपुस्तिकेंतच असतो. पुस्तिका हरवली कीं सुस्थितींतलें यंत्रही मुकें होतें.

या जोडणीचा उपयोग केवळ आंकडे उतरविण्यापुरता नाहीं. ह्यूलेट-पॅकार्डचा ३४७८ए हा १९८० नंतरच्या दशकांतील मापक घ्या. त्याच्या अचूकतेचे दुरुस्तिअंक एका लहानशा लिथियम घटावर जिवंत राहणाऱ्या स्मृतींत साठविलेले असतात. घट संपला कीं ते पुसले जातात, आणि मापक पुन्हा प्रमाणित करून घ्यावा लागतो. परंतु घट जिवंत असतांनाच संगणकानें याच मार्गावरून ती स्मृति वाचून तिची प्रत ठेवली, तर नवा घट बसविल्यावर ते अंक परत लिहितां येतात. वेळेवर केलेल्या थोड्या वेळाच्या कामानें असें यंत्र वांचतें.

मात्र संगणकाच्या पडद्यावर आंकडा उमटला म्हणजे तो खरा झाला, असें समजूं नये. येथें पुन्हा कुलाब्याचें स्मरण होतें. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या प्रवाहानें चुंबकीय नोंदी बिघडणार, हें ओळखून ते वेध अलिबागेस हलविण्यांत आले. त्या वेळीं नानाभाई मूस हे संचालक होते. १९०४ सालीं अलिबागेस काम सुरू झालें तरी कुलाब्याचें लगेच थांबलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं नोंदी चालल्या, आणि ट्राम १९०७ सालीं धांवूं लागल्या. जुन्याचा आणि नव्याचा सांधा असा पडताळून घेतल्यामुळेंच ती परंपरा अखंड मानतां येते. संगणक जोडणाऱ्यानेंही हाच दंडक पाळावा. कांहीं काळ मापकाच्या तोंडावरील आंकडा स्वतः वाचावा आणि पडद्यावरील आंकड्याशीं ताडून पाहावा. दशांशचिन्ह सरकलें किंवा पल्ला चुकला, तर संगणक तीच चूक हजार वेळां बिनबोभाट लिहून ठेवील.

आमच्या नागपुरांत सदर भागीं शासकीय तंत्रनिकेतन आहे. इतरत्रही इलेक्ट्रॉनिक्सचें शिक्षण देणाऱ्या अनेक संस्था आहेत. अशा संस्थांतील तरुणांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, कोणतेंही जुनें मापनयंत्र मोडींत काढण्यापूर्वीं त्याची पाठ पाहावी. तेथें तें २४ पिनांचें तोंड असेल, तर पुस्तिका शोधावी, स्मृतीची प्रत घ्यावी आणि आंकडे ताडून पाहावे. एवढें करूनही यंत्र चुकीचेंच बोलत असेल, तर तें खुशाल मोडींत जावें. परंतु तें बरोबर बोलत असतां केवळ ऐकणारा नाहीं म्हणून तें जाऊं नये.