द्रावक : साक्षीदार की भागीदार?

रसायनशास्त्राच्या इतिहासात मान मिळतो तो विरघळणाऱ्या पदार्थाला. ज्यात तो विरघळतो त्या द्रावकाची कोणी फारशी विचारपूस करत नाही. ही उपेक्षा कशी संपली याचा माग मला रंगद्रव्यांच्या इतिहासात सापडतो.

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू ती ऊर्जा टाकून पुन्हा शांत होतो. नॉरिश आणि पोर्टर यांनी केंब्रिजमध्ये १९५०च्या सुमारास प्रखर झगमगाटाने क्षणजीवी रेणू टिपले. पण दिव्याचा झोत मायक्रोसेकंदांच्या खाली जाईना. १९६६ साली सोरोकिन व लँकार्ड यांनी अमेरिकेत, तर शेफर यांनी जर्मनीत रंगद्रव्याचा लेसर साधला. १९७४ साली बेल प्रयोगशाळेत शँक आणि इपेन यांनी त्यातून पिकोसेकंदाहून, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहून, आखूड स्पंद काढले. रंगद्रव्य मोजणारे घड्याळही रंगद्रव्याचेच!

त्या घड्याळाने १९७६ साली मॅलाकाइट ग्रीन तपासले गेले. मेथॅनॉलसारख्या पातळ द्रावकात ते काही पिकोसेकंदांत शांत होते; द्रावक दाट होत जाईल तसा वेळ वाढतो. शांत होताना या रेणूची वलये वळतात आणि दाट द्रावक नेमके ते वळणेच रोखतो.

इथवर द्रावक केवळ अडथळा होता. कुमरिन रंगद्रव्यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. ती उत्तेजित होताच त्यांच्यातील विद्युतभाराची वाटणी बदलते. भोवतालचे ध्रुवीय रेणू तिच्याशी जुळवून घेतात आणि बाहेर पडणारा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. हे सरकणे मोजले की द्रावकाची चपळाई कळते.

विद्युतक्षेत्रातील पाण्याचा शिथिलन-काळ सुमारे ८ पिकोसेकंद. पण प्रतिसाद याहून वेगवान असावा, असे १९८४ साली बिमन बागची, ऑक्सटोबी व फ्लेमिंग यांच्या सिद्धान्तातून निघाले. १९८८ साली मारोन्सेली व फ्लेमिंग यांच्या संगणकी गणितात त्याचा पहिला टप्पा अतिजलद दिसला. १९९४ साली प्रयोगानेच कौल दिला : पाण्याच्या प्रतिसादाचा निम्म्याहून अधिक भाग ५० फेम्टोसेकंदांच्या आसपास उरकतो. शेजाऱ्यांची सारी मांडणी बदलण्याआधीच पाण्याचे रेणू जागच्या जागी किंचित डोलतात, तेवढे पुरते.

विद्युतभार हलवणारी कोणतीही अभिक्रिया या डोलण्यापासून सुटत नाही. समीकरणातील बाणावर बारीक अक्षरांत लिहिलेले द्रावकाचे नाव म्हणूनच मला आता तळटीप वाटत नाही.