तिवसा तालुका : लोकसहभागी खेळ व व्यायाम

अमरावती जिल्ह्यातील या तालुक्यात खेळ व व्यायामाची सामूहिक परंपरा दोन केंद्रांच्या छायेत वाढली : अमरावतीचा हनुमान आखाडा आणि तालुक्यातीलच गुरुकुंज मोझरी. पश्चिम महाराष्ट्रात जिला तालीम म्हणतात, तो वऱ्हाडात आखाडा.

अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बर्लिनचे कौतुक आजही होते, पण खेड्यांना खरा उपयोग झाला तो मंडळाने घडविलेल्या व्यायामशिक्षकांचा. मल्लखांब, लेझीम, कबड्डी शाळांच्या पटांगणांत आली ती त्यांच्यामुळे.

मोझरीला संत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) 1935 मध्ये आश्रम उभारला. सामुदायिक प्रार्थना व ग्रामसफाई हे त्यांच्या कार्यक्रमाचे ठळक भाग. त्यांच्या ग्रामगीतेत व्यायामाचाही आग्रह आहे. ठरल्या वेळी सगळ्या गावाने एकत्र यायचे, ही सवय प्रार्थनेने लावली. मैदान चालते तेही अशाच सवयीवर.

मैदान राखणे येथे सोपे नाही. काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पायाला चिकटते. म्हणून कुस्तीच्या हौदासाठी लाल माती बाहेरून आणावी लागते. तीत तेल, हळद, ताक कालवतात. पटांगणावर मुरूम टाकून ते दाबावे लागते. माती कोणी आणायची आणि पाणी कोणी मारायचे, हे ठरते तेथेच आखाडा टिकतो. कबड्डी त्या मानाने स्वस्त : 13 बाय 10 मीटर जागा, दोन्ही बाजूंना सात-सात गडी आणि रेषा आखायला चुन्याची फक्की. निंदण-डवरणाच्या दिवसांत मैदान ओस पडते, हिवाळ्यात दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात.

राज्याच्या 2001 च्या क्रीडाधोरणाने तालुका क्रीडासंकुलांची कल्पना पुढे आणली. नंतर खुल्या व्यायामशाळाही आल्या. यंत्रे एकदाची बसवून होतात; देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरत नाही तेथे ती गंजतात.

आज पहाटे धावणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली ठळक दिसतात. भरतीच्या चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावावे लागते. गोळाफेकीचा गोळा अनुक्रमे 7.26 व 4 किलोचा. पुरुषांपुरत्या राहिलेल्या आखाड्यापेक्षा गावातल्या मुलींना मैदानावर आणण्याचे काम या भरतीने अधिक केले, असे म्हणावे लागते. भरतीचे वय ओलांडलेल्या स्त्रियांसाठी मात्र मैदानावरची ठरलेली वेळ क्वचितच आढळते.