संगणकावरील कार्यनियोजन व बोलकी स्मरणसूचना

कार्यनियोजन म्हणजे एखादे काम ठरावीक वेळी संगणकाने आपोआप करावे अशी पूर्वयोजना. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस कार्यनियोजक म्हणतात. फायलींची प्रत काढणे, संगणक बंद करणे किंवा ध्वनिसंश्लेषकाच्या साहाय्याने स्मरणसूचना मोठ्याने ऐकवणे ही घरगुती वापराची प्रमुख उदाहरणे होत. दृष्टी मंदावलेल्या वृद्धांना पडद्यावरील लहान चौकटीपेक्षा बोललेली सूचना अधिक उपयोगी पडते.

इतिहास

युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' हा कार्यनियोजक होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली त्याची आवृत्ती पुढे लिनक्सवर रूढ झाली. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' हा कार्यनियोजक असतो; त्याचा पूर्वावतार 'सिस्टिम एजंट' या नावाने विंडोज ९५ च्या 'प्लस' या पुरवणी संचात आला होता.

वेळेची नोंद

क्रॉनच्या नोंदीत मिनिट, तास, महिन्यातील दिनांक, महिना व वार अशी पाच स्थाने असतात व त्यांच्यापुढे आज्ञा लिहितात. 'प्रत्येक' या अर्थी तारांकन वापरतात. रोज रात्री साडेआठसाठी ३० व २० हे अंक आणि पुढे तीन तारांकने लिहावी लागतात. मात्र हे अंक देवनागरीत चालत नाहीत. दिनांक व वार ही दोन्ही स्थाने भरल्यास दोहोंपैकी एक जुळले तरी काम सुरू होते. त्यामुळे '१३ तारखेचा शुक्रवार' अशी अट क्रॉनमध्ये सरळ मांडता येत नाही. संकष्टी, एकादशी यांसारख्या तिथींचीही तीच गत आहे. पंचांग पाहून वर्षभराचे दिनांक स्वतंत्रपणे भरावे लागतात.

वीजपुरवठा व चुकलेली वेळ

क्रॉन चुकलेल्या वेळेची दखल घेत नाही. आठची सूचना असेल आणि संगणक सव्वाआठला सुरू झाला, तर ती सूचना त्या दिवशी मिळतच नाही. 'अनाक्रॉन' राहिलेले काम नंतर करतो, परंतु तो दिवस मोजतो, तास नव्हे. म्हणून तो फायलींच्या प्रतींसाठी ठीक, औषधासाठी नाही.

टास्क शेड्युलरमध्ये 'विद्युतपुरवठ्यावर असतानाच काम सुरू करावे' ही अट मुळातच लागू केलेली असते. सोयगावसारख्या तालुक्याच्या गावी वीज गेली असता लॅपटॉप बॅटरीवर व्यवस्थित चालू असूनही सूचना गप्प राहते, त्याचे कारण बहुधा हेच. ही खूण प्रथम काढून टाकावी. चुकलेले काम शक्य तितक्या लवकर करण्याचा पर्यायही तेथे आहे. तो औषधांच्या बाबतीत जपून वापरावा. सकाळची सूचना दुपारी वीज आल्यावर ऐकू आली, तर घेतलेली गोळी पुन्हा घेतली जाण्याचा धोका असतो. म्हणून सूचनेच्या वाक्यातच वेळ गोवावी: केवळ 'गोळी घ्या' असे न लिहिता 'सकाळी आठची रक्तदाबाची गोळी' असे लिहावे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपल्यास घड्याळच मागे जाते आणि सर्व नियोजन कोलमडते.

टास्क शेड्युलरमध्ये 'वापरकर्ता दाखल असतानाच चालवावे' हा पर्याय निवडावा. अन्यथा काम पडद्याआड चालते आणि त्याची चौकट दिसत नाही.

मराठी उच्चार

'ईस्पीक एनजी' हा मुक्त स्रोत ध्वनिसंश्लेषक मराठी वाचतो. मराठीसाठी त्याला भाषेचा 'एमआर' हा संकेत द्यावा लागतो. मानवी आवाजाचे तुकडे न जोडता तो बराचसा ध्वनी गणिताने घडवतो. त्यामुळे तो आकाराने लहान असून इंटरनेटविना चालतो, पण आवाज यांत्रिक वाटतो.

मराठी लिपीची एक मर्यादा येथे आडवी येते. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे 'जगणे'चे आज्ञार्थी रूप यांचे लेखन एकच, उच्चार मात्र भिन्न. यंत्राला तो भेद अक्षरांवरून कळत नाही. सूचना लहान वाक्यांत व अंकांऐवजी अक्षरांत लिहिल्यास ऐकणे सुलभ होते. फाईल यूटीएफ-८ संकेतनात जतन करावी. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये आज्ञांच्या फाईलला आरंभखूण नसेल, तर देवनागरीची निरर्थक चिन्हे होतात.

ध्वनिसंश्लेषक नको असल्यास घरातील व्यक्तीच्या आवाजात सूचना ध्वनिमुद्रित करून ती फाईल ठरल्या वेळी वाजवता येते. ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांना ओळखीचा आवाज सहसा लवकर समजतो.