शालेय वर्तन-साहाय्य कार्यक्रमांचे मूल्यमापन

नियम मोडणाऱ्या मुलास शिक्षा करीत राहण्याऐवजी अपेक्षित वर्तन सर्वच मुलांना आधी शिकवावे, त्याचा सराव करून घ्यावा, ते घडले की त्याची दखल घ्यावी आणि ज्यांना एवढे पुरत नाही त्यांना क्रमाक्रमाने अधिक साहाय्य द्यावे, अशी योजना संपूर्ण शाळेने मिळून राबविणे म्हणजे शालेय सकारात्मक वर्तन-साहाय्य होय. ही पद्धती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० नंतरच्या दशकात आकारास आली आणि पुढील पंचवीस वर्षांत तेथील पंचवीस हजारांहून अधिक शाळांत पोहोचली. कार्यक्रमाचा उपयोग झाला किंवा नाही, हे शाळेत रोज जमा होणाऱ्या आधारसामग्रीवरून ठरविण्याचे तंत्रही तिच्याबरोबरच वाढले. या तंत्राचा इतिहास हा मुख्यत्वे एका साध्या कागदाचा, म्हणजे शिस्तभंगाच्या नोंदपत्राचा इतिहास आहे. शिक्षेचा पुरावा म्हणून भरला जाणारा हा कागद पुढे शाळेच्या प्रकृतीचे माप बनला. आणि मग हे माप मुलांच्या वर्तनाचे की ते पाहणाऱ्या मोठ्या माणसांचे, असा प्रश्न उभा राहिला.

वर्तन मोजण्याची परंपरा या पद्धतीहून जुनी आहे. बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) याच्या विचारातून निघालेल्या उपयोजित वर्तन-विश्लेषणाचे नियतकालिक १९६८ मध्ये सुरू झाले. त्याच्या पहिल्याच अंकात डोनाल्ड बेअर, माँट्रोस वुल्फ व टॉड रिझ्ले यांनी या शास्त्राची लक्षणे सांगताना वर्तनाच्या प्रत्यक्ष व अचूक मोजमापाचा आग्रह धरला. पुढील वर्षी चौथीच्या एका वर्गात खेळाच्या रूपाने केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन संघ पाडून, जागा सोडणे व मध्येच बोलणे यांबद्दल संघाच्या नावे खूण केली जाई आणि निरीक्षक ठराविक कालखंडांत त्या कृतींची गणना करीत. ही रीत विश्वसनीय असली, तरी खर्चिक होती. एका वर्गासाठी निरीक्षक बसविता येतो. जेवणघर, मार्गिका, क्रीडांगण, बसथांबा यांसह साऱ्या शाळेसाठी वर्षभर तो बसविणे शक्य नसते.

१९८० नंतर तीव्र स्वरूपाच्या बौद्धिक अपंगत्वाच्या व्यक्तींवर वापरल्या जाणाऱ्या वेदनादायक उपायांविरुद्ध आक्षेप वाढले आणि वर्तनामागील कारण शोधून परिस्थितीत बदल करणाऱ्या, अवेदनाकारी साहाय्याचा पुरस्कार होऊ लागला. ऑरेगन विद्यापीठातील रॉबर्ट हॉर्नर हा या विचाराच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी एक होय. त्याच विद्यापीठातील जॉर्ज सुगाई, जेफ कॉल्व्हिन इत्यादींनी १९९३ च्या सुमारास सर्वसाधारण शाळांच्या शिस्तव्यवस्थेची याच दिशेने फेरमांडणी केली. देशातील वातावरण मात्र उलट दिशेचे होते. १९९४ च्या शस्त्रमुक्त शाळा अधिनियमानंतर ‘शून्य सहिष्णुते’चे धोरण फोफावले आणि निलंबन हा किरकोळ अपराधांवरचाही सर्रास उपाय झाला. दुसऱ्या बाजूने, अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयीच्या केंद्रीय कायद्यात १९९७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सकारात्मक वर्तन-उपायांचा विचार करणे शाळांवर बंधनकारक केले. या उपायांच्या प्रसारासाठी १९९८ मध्ये केंद्र शासनाच्या अनुदानाने एक तांत्रिक साहाय्य केंद्र स्थापन झाले. ऑरेगन राज्यातील फर्न रिज माध्यमिक शाळेचा वृत्तांत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तेथे वर्षाच्या प्रारंभी सर्व मुलांना शाळेच्या निरनिराळ्या जागी नेऊन अपेक्षित वर्तन प्रत्यक्ष शिकविण्यात आले आणि एका वर्षात कार्यालयाकडे जाणाऱ्या शिस्तभंगाच्या नोंदी ४२ टक्क्यांनी घटल्या. तुलनेसाठी दुसरी शाळा नसल्यामुळे हा आकडा शास्त्रीय पुरावा म्हणून दुबळाच होता. परंतु नोंदपत्रांच्या गठ्ठ्यातून शाळेचे चित्र उभे करता येते, हे त्याने दाखवून दिले.

नोंदपत्राला मापाचा दर्जा देण्यासाठी त्याची व्याख्या काटेकोर करणे आवश्यक होते. २००० मध्ये सुगाई, हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढीलप्रमाणे केली : विद्यार्थ्याने शाळेचा नियम मोडला, कर्मचाऱ्याने ते पाहिले आणि त्याची परिणती म्हणून प्रशासकाने कारवाई करून लेखी नोंद ठेवली, तरच ती एक नोंद समजावी. याच सुमारास या विद्यापीठात संगणकीय शालेय माहिती-व्यवस्था विकसित झाली. प्रत्येक नोंदीत वर्तनाचा प्रकार, स्थळ, वेळ, विद्यार्थी आणि केलेली कारवाई यांची भर घालून तीतून काही ठराविक आलेख काढता येत. त्यांतील पहिला आलेख शालेय दिवसामागे दरमहा सरासरी किती नोंदी झाल्या, हे दाखवितो. ही सरासरी क्षुल्लक वाटली, तरी तिच्यावाचून फसगत होते. समजा, एका महिन्यात शाळा २२ दिवस भरली व ६६ नोंदी झाल्या आणि दुसऱ्या महिन्यात ती १५ दिवस भरून ६० नोंदी झाल्या. बेरीज पाहता सुधारणा झाली असे वाटेल. प्रत्यक्षात दिवसाचे प्रमाण तीनवरून चारवर गेलेले असते. निरनिराळ्या शाळांची तुलना करताना याच कारणास्तव दर शंभर विद्यार्थ्यांमागचे प्रमाण काढतात.

उरलेल्या आलेखांचे महत्त्व व्यवहारात अधिक आहे. नोंदी मुख्यतः जेवणघरात आणि दुपारच्या एका अर्ध्या तासातच होत असतील, तर दोष मुलांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा रांगेची रचना, गर्दी व देखरेख यांत शोधणे शहाणपणाचे ठरते. आणि असा बदल करण्यास शिक्षा वाढविण्याहून खर्चही कमी येतो. विद्यार्थिनिहाय आलेखावरून तीन स्तर पाडण्याची प्रथा पडली : वर्षात शून्य किंवा एक नोंद असलेले, दोन ते पाच नोंदी असलेले आणि सहा किंवा अधिक नोंदी असलेले विद्यार्थी. सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील प्रतिबंधाच्या पायऱ्यांवरून घेतलेला, ऐंशी, पंधरा व पाच टक्क्यांचा त्रिकोण या संदर्भात इतका प्रसिद्ध झाला, की अनेक शाळांत तो निसर्गनियमच मानला जाऊ लागला. वस्तुतः ती नियोजनासाठीची स्थूल प्रमाणे आहेत आणि शाळेगणिक, विशेषतः प्राथमिक व माध्यमिक शाळांत, ती पुष्कळच बदलतात.

नोंदी घटल्या एवढ्यावरून कार्यक्रमाला श्रेय देता येत नाही, कारण कार्यक्रम मुळात राबविला गेला होता काय, हेच अनेकदा ठाऊक नसते. म्हणून २००१ मध्ये अंमलबजावणी मोजणारे एक साधन तयार झाले. त्यात सात अंगांविषयीच्या २८ बाबी असून प्रत्येकीस शून्य ते दोन गुण असत. बाहेरचा परीक्षक शाळेत येऊन कागदपत्रे व भिंतींवरील फलक पाही आणि वाटेत भेटतील त्या मुलांना व कर्मचाऱ्यांना शाळेचे नियम विचारी. किमान १५ विद्यार्थ्यांपैकी ७० टक्क्यांना आणि विचारलेल्या कर्मचाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना दोनतृतीयांश नियम सांगता आले, तरच त्या बाबींचे पूर्ण गुण मिळत. एकूण गुण ८० टक्के आणि ‘अपेक्षा शिकविणे’ या अंगातही ८० टक्के, अशी दुहेरी कसोटी होती. भिंतीवर फलक लावून कार्यक्रम झाल्याचे कळविणाऱ्या शाळा या साध्या प्रश्नोत्तरात उघड्या पडत. पुढे शाळांनी स्वतःच भरावयाची साधने आली. २०१४ मध्ये तिन्ही स्तरांची तपासणी एकत्र करणारी सूची प्रचारात आली. तिच्यात ७० टक्के गुण पुरेसे मानले जातात. स्वयंमूल्यमापन स्वस्त असते. त्याची भिस्त शाळेच्या प्रामाणिकपणावर असते, हे उघडच आहे.

यादृच्छिक वाटपाचे प्रयोग उशिरा झाले. हवाई व इलिनॉय या राज्यांतील प्राथमिक शाळांच्या अभ्यासात (२००९) काही शाळांना प्रशिक्षण आधी व काहींना नंतर देण्यात आले. प्रशिक्षित शाळांत सुरक्षिततेची भावना वाढलेली आढळली. नोंदींचे प्रमाण कमी दिसले, तथापि त्याची तुलना करण्यास नियंत्रित गटातील नोंदी उपलब्ध नव्हत्या. मेरिलंडमधील अभ्यास अधिक मोठा होता. कॅथरिन ब्रॅडशॉ व तिच्या सहकाऱ्यांनी ३७ प्राथमिक शाळांपैकी २१ शाळांत कार्यक्रम राबवून १६ शाळा तुलनेसाठी ठेवल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १२,३४४ बालकांचा समावेश होता. कार्यक्रमाच्या शाळांतील मुलांवर शिस्तभंगाची नोंद होण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी आढळली. हा आजवरच्या भक्कम पुराव्यांपैकी एक आहे. परंतु त्यातील माहिती शिक्षकांनी भरली होती आणि आपली शाळा कोणत्या गटात आहे, हे त्यांना माहीत होते. मुलाला कार्यालयात पाठविण्याऐवजी वर्गातच समजावा, असे ज्या शिक्षकाला शिकविले जाते, त्याच्याकडून येणाऱ्या नोंदी मुलाच्या वर्तनात फरक पडला नाही तरी घटतील. अशी घट निरर्थक मात्र नव्हे. मुलाचे वर्गाबाहेर वाया जाणारे तास तीमुळे वाचतात. ती वर्तनातील सुधारणा मानणे तेवढे चूक ठरते.

या मापाची खरी परीक्षा वर्णभेदाच्या प्रश्नावर झाली. केंद्र शासनाच्या नागरी हक्क कार्यालयाने गोळा केलेल्या १९७२-७३ च्या आकडेवारीवरून चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या संस्थेने १९७५ मध्येच दाखविले होते, की कृष्णवर्णीय मुलांच्या निलंबनाचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या दुप्पट ते तिप्पट आहे. रसेल स्किबा, हॉर्नर इत्यादींनी २०११ मध्ये वर उल्लेखिलेल्या संगणकीय व्यवस्थेतील ३६४ शाळांच्या २००५-०६ मधील नोंदी तपासल्या. कृष्णवर्णीय मुलांवर नोंद होण्याची शक्यता प्राथमिक शाळांत २.१९ पट आणि माध्यमिक शाळांत ३.७८ पट अधिक निघाली. वर्तन-साहाय्याच्या पुरस्कर्त्यांनी आपल्याच साधनातून हा निष्कर्ष काढून प्रसिद्ध केला, याची नोंद घ्यावयास हवी. एकूण नोंदी घटत असतानाही दोन गटांतील अंतर तसेच राहू शकते आणि एकत्रित सरासरीत ते दिसत नाही. धूम्रपान वा मोडतोड यांसारख्या, डोळ्यांना दिसणाऱ्या अपराधांपेक्षा ‘उद्धटपणा’, ‘अवज्ञा’, ‘व्यत्यय’ यांसारख्या, पाहणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असलेल्या प्रकारांत हे अंतर विशेष जाणवते. म्हणजे नोंदपत्रात मुलाच्या वर्तनाइतकाच शिक्षकाचा निर्णयही नोंदलेला असतो. शिस्तीतील वर्णभेदाविषयी केंद्र शासनाने शाळांना २०१४ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूचना २०१८ च्या अखेरीस मागे घेण्यात आली. शाळांतील आकडेवारी मात्र गोळा होतच राहिली.

याच सुमारास केंट मॅकिंटॉश व इतर संशोधकांनी मूल्यमापनाचा रोख निर्णयक्षणांकडे वळविला. यासाठी प्रत्येक गटातील किती टक्के मुलांवर नोंद झाली, हे प्रथम काढतात आणि एका गटाच्या प्रमाणास दुसऱ्याच्या प्रमाणाने भागून येणारा भागाकार वर्षभर तपासतात; तो एक आला, तर दोन्ही गटांची स्थिती समान समजतात. नंतर कोणत्या जागी, कोणत्या वेळी व कोणत्या प्रकारच्या नोंदींत हे अंतर सर्वाधिक आहे, हे पाहतात. अंतर एखाद्या ठराविक तासाला किंवा ‘अवज्ञे’च्या नोंदींतच एकवटलेले आढळले, तर त्या प्रसंगी नोंदपत्र हाती घेण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे व ठरवून दिलेली एखादी छोटी कृती आधी करावी, असा संकेत कर्मचारी आपसांत ठरवितात आणि पुढील महिन्यांच्या आलेखात त्याचा परिणाम पाहतात. [→ वर्तनवाद, शैक्षणिक मानसशास्त्र].